सात नंबरचा सेल

पुनावळ्याच्या आमच्या घरात एके काळी माणसं चार आणि बॅटऱ्या चार होत्या, आणि माझ्या सासऱ्यांचा जीव कोणत्या चौघांत जास्त हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माणसांपैकी कुणी शिंकलं, खोकलं तर ते वर्तमानपत्रातून मान वर काढत नसत. पण जिन्याखालच्या इन्व्हर्टरने बारीकसा ‘टूं’ केला की हातातला चहा अर्धा टाकून उठायचे.

त्यांना घरात आणि गावात सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणते. घराणं इथलंच, शेतकरी. महामार्गाच्या कडेला आज जिथे लिफ्टवाल्या इमारती आहेत तिथे त्यांच्या लहानपणी भाताची खाचरं होती. तरुणपणी ते पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. काम एकच, कारखान्यातल्या बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट सांभाळायच्या. म्हणजे गाड्या चालवायच्या नाहीत, त्यांच्या बॅटऱ्या सांभाळायच्या. कारखान्याला सुट्टी गुरुवारची. गाड्या उभ्या असायच्या, तेव्हा आप्पांची खरी ड्युटी. बॅटऱ्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं, टर्मिनल घासायचे, ग्रीस लावायचं, आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांना ‘इक्वलाइज’ करायचं. म्हणजे नेहमीपेक्षा मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन काही तास चार्ज करत ठेवायचं. त्याने मागे पडलेले सेल बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. जे आधीच भरलेत ते नुसते उकळतात, थोडं पाणी उडतं, ते पुन्हा भरलं की झालं.

निवृत्तीनंतर गच्चीवर सोलार बसलं, जिन्याखाली चार मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या आल्या, आणि आप्पांचा गुरुवार जसाच्या तसा घरी आला. सकाळी देवपूजा, नाश्ता, मग खाकी पँट. चार बॅटऱ्यांत मिळून चोवीस सेल. एकेकाचं बूच काढून काचेच्या नळीने ते आतल्या पाण्याची घनता बघायचे आणि शाळेच्या वहीत चोवीस आकडे लिहायचे. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत बाहेरची लाईट जाते, ते त्यांना सोयीचंच वाटायचं. घर सगळं सोलार आणि बॅटरीवर चालायचं आणि ते जिन्याखाली स्टुलावर बसून कान देऊन ऐकत राहायचे. नऊ वर्षं त्या बॅटऱ्या टिकल्या. गल्लीत कुणाचा इन्व्हर्टर रुसला की ‘आप्पांना बोलवा’ ही पहिली सूचना असायची, आणि आप्पा न बोलावताही जायचे.

नवव्या वर्षी मात्र बॅटऱ्या थकल्या. माझा नवरा हिंजवडीत आयटीत आहे. मी चाकणला गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. आम्ही दोघं शिकले-सवरलेले, तेव्हा आम्ही दोघांनीच ठरवलं की आता लिथियम घ्यायची. आप्पांना सांगितलं, विचारलं नाही. हा फरक मला त्या वेळी कळला नव्हता. आता चांगला कळतो.

सोलारवाला लातूरकडचा, बोलायला गोड आणि फोनवर कधीच न सापडणारा. त्याने जुन्या चार बॅटऱ्या उचलल्या आणि भिंतीवर एक पांढरी पेटी टांगली. इन्व्हर्टर जुनाच ठेवला, त्यात दोन-चार बटणं दाबली, माझ्या फोनवर बॅटरीचं ॲप टाकून दिलं, आणि निघताना आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, आता तुमी आराम करा. हिला पानी न्हाई, ग्रीस न्हाई, कायबी करायचं नसतंय बगा. हातच लावायचा न्हाई.”

आप्पा हसले. त्या हसण्याला काही अर्थ नव्हता, आलेल्या माणसाला हसून निरोप द्यायचा म्हणून हसले.

पहिल्याच गुरुवारी सकाळी मी पाहिलं तर ते खाकी पँट घालून जिन्याखाली उभे. हातात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. पेटीला ना बूच, ना झाकण. ती गुळगुळीत पांढरी पेटी भिंतीवर चिकटलेली आणि तिच्यावर एक हिरवा दिवा. पाच मिनिटं ते नुसते बघत राहिले, मग कॅन घेऊन अंगणात गेले आणि ते पाणी त्यांनी तुळशीला घातलं.

“त्यांच्या हातचं काम काढून घेतलंत तुमी,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांचं आयुष्य याच मातीत गेलेलं. बोलणं थोडं आणि नेमकं.

“अहो आई, चांगलंच झालं ना. आता त्यांनी वाकायचं, कॅन उचलायचे, हे सगळं कशाला?”

“त्ये वाकत व्हते म्हनून सरळ व्हते,” सासूबाई म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या.

मी ते कानाआड केलं. मी मुळात जरा तापट, शिवाय मला वाटतं की जे माझ्या म्हणण्याविरुद्ध आहे ते बहुधा चुकीचं असतं. क्वालिटीत पंधरा वर्षं काढली की माणसाला ही खोड लागते.

पुढचा गुरुवार महिन्यातला पहिला होता. माझीही सुट्टी गुरुवारीच, त्यामुळे घरी होते. बाहेरची लाईट सकाळीच गेलेली. ऊन असं की अंगणातल्या दगडावर पाय ठेववेना. नवरा वरच्या खोलीत घरूनच काम करत होता, मीटिंगमध्ये. सासूबाई मिक्सरला शेंगदाण्याची चटणी लावून उभ्या. वॉशिंग मशीन फिरत होतं. आणि साडेअकराच्या सुमाराला सगळं एकदम थांबलं. मिक्सर, मशीन, पंखे, फ्रिज. जिन्याखाली इन्व्हर्टर ओरडायला लागला, वर नवरा ओरडायला लागला.

डोक्यावर इतकं ऊन, गच्ची पॅनेलांनी भरलेली, आणि घरात एक पंखा फिरेना! मी सोलारवाल्याला फोन लावला. अर्थातच उचलला नाही. मग स्वतःच इन्व्हर्टरपुढे बसले आणि एकेक सेटिंग बघत गेले. आठ-दहा बटणं दाबल्यावर सापडलं. ‘इक्वलाइज’ चालू होतं. व्होल्टेज एकोणसाठ. या पेटीच्या आत एक राखणदार सर्किट असतं. सेलना झेपणार नाही इतकं व्होल्टेज आलं की ते बॅटरीचं दार लावून टाकतं. आणि आमचा इन्व्हर्टर बॅटरीशिवाय उभाच राहत नाही. बाहेरची लाईट असती तर घर तिच्यावर चाललं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण गुरुवार होता.

“हे कुणी केलं?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“म्या,” आप्पा दारातून म्हणाले. “पयला गुरुवार हाय न्हवं.”

त्यांचं तोंड उजळलेलं होतं. ते सांगायला लागले की चार दिवस त्यांनी इन्व्हर्टरचं इंग्रजी पुस्तक भिंग लावून वाचलं. नव्या बॅटरीचं काही करायचं नाही असं सोलारवाला म्हणाला, पण पुस्तकात तर इक्वलाइजचं पान आहे. म्हणजे त्या माणसाला माहीत नसणार. आत सेल आहेत म्हटल्यावर ते मागेपुढे होणारच, मग त्यांना बरोबरीला आणायला नको?

माझा आवाज चढला. “आप्पा, ही तुमच्या कंपनीतली फोर्कलिफ्ट नाही! ते पुस्तक जुन्या बॅटऱ्यांचं आहे. लिथियमला इक्वलाइज करत नाहीत, जीव जातो तिचा. तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?”

मिक्सर बंद, पंखे बंद, इन्व्हर्टरचं ओरडणंही थांबलेलं, घर अगदी शांत. त्यामुळे माझं वाक्य घरभर ऐकू गेलं. सासूबाई चटणीच्या भांड्यावर झाकण ठेवून उभ्या राहिल्या. बॅटरी पुन्हा चालू करून मी बॅटरीसोबत आलेल्या कागदावरचे आकडे इन्व्हर्टरमध्ये टाकले. इक्वलाइज बंद, चार्जिंगची मर्यादा छप्पन पॉइंट आठ. आणि आमच्या कंपनीत मशीनच्या सेटिंगला कुणी भलत्याने हात लावू नये म्हणून जे करतात तेच केलं. चार आकड्यांचा पासवर्ड टाकला. सगळ्यांच्या देखत टाकला, हे आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

त्या आठवड्यात आप्पा म्हातारे दिसायला लागले. आधी ते वयाने म्हातारे होते, आता दिसायलाही लागले. शेजारच्या काकू दोनदा बोलवायला आल्या, त्यांचा इन्व्हर्टर वास मारत होता, तर “आता त्येलाबी लिथियम बसवा” असं सांगून त्यांना परत पाठवलं. दुपारी खुर्चीत पेंगायचे. इन्व्हर्टरने ‘टूं’ केला तरी उठायचे नाहीत. आणि तो करत होता, रोज दुपारी, कधी अकराला, कधी बाराला. मला वाटलं नवीन बॅटरी आहे, करत असेल.

तिसरा गुरुवार आला. बाहेरची लाईट गेली. मी अगदी निर्धास्त होते, आकडे कागदावरचे, कागद बॅटरी बनवणाऱ्यांचा. सव्वाअकराला सगळं बंद.

मी इन्व्हर्टरपुढे गेले. सगळे आकडे मी टाकलेले, जिथल्या तिथे. पासवर्ड फक्त मला ठाऊक, तेव्हा दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नाही. पेटीतल्या राखणदाराने दार लावलेलं. ॲप उघडलं तर पहिल्या पानावर मोठा गोल, त्यात एकूण व्होल्टेज छप्पनच्या जरासं वर. म्हणजे मर्यादेच्या आत. मग दार का लावलं? पुन्हा चालू केलं, दहा मिनिटांनी पुन्हा बंद. आणखी एकदा केलं, पुन्हा तेच. सोलारवाल्याला नऊ फोन केले. वरून नवरा म्हणाला, “रीस्टार्ट करून बघ ना,” त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आप्पा पडवीत बसून मेथी निवडत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. एकदाही मान वळवली नाही.

“इचार की त्यांस्नी,” सासूबाई हळूच म्हणाल्या.

“त्यांना लिथियमचं काय माहीत, आई?”

“तुला तरी काय म्हाईतीय?”

मी पडवीत गेले आणि आप्पांच्या शेजारी जमिनीवर बसले. थोडी मेथी मीही ओढून घेतली. माफी मागायला आले होते पण तोंडातून आलं ते असं, “आप्पा, बंद पडतेय. आकडे बरोबर आहेत, तरी बंद पडतेय.”

आप्पा मेथीची काडी मोडत राहिले. “रोज दुपारच्याला वराडती ती,” ते म्हणाले. “तू आकडं टाकल्यापास्नं. ऊन चढलं की.”

“मग सांगितलं नाहीत?”

“हात लावायचा न्हाई म्हनलीस. कान लावायचा का न्हाई त्ये बोलली न्हाईस, पन म्हनलं ऱ्हाऊ दे.”

मी खाली मान घातली. मग ते आपणहूनच म्हणाले, “सेल किती हायेत आत?”

“सोळा.”

“सोळांचं दाव.”

“एकूण छप्पन दाखवतंय—”

“बेरीज नको मला. बेरीज बगून काय करतीस? तेवीस सेल चांगलं आन् एक बाद, तरी बेरीज चांगलीच दिसती. येकेकाचं दाव.”

इथे मला सांगितलंच पाहिजे की कंपनीत नवीन आलेल्या प्रत्येक इन्स्पेक्टरला मी पहिल्या दिवशी हेच ऐकवते. सरासरीवर जाऊ नका, एकेक नग मोजा. शंभर शाफ्टची सरासरी बरोबर असते आणि त्यातला एक गाडीत बसत नाही. हे मी हात वर करून, फळ्यावर आकृत्या काढून शिकवते. आणि स्वतःच्या घरात पंधरा दिवस एका गोलातला एकच आकडा बघत बसले होते. ॲपला दुसरं पान असतं हेही मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या पानावर सोळा सेल ओळीने लिहिलेले होते. आम्ही बॅटरी चालू केली आणि दोघं जिन्याखाली बसलो, ते स्टुलावर, मी पायरीवर, मध्ये फोन. चार्जिंग सुरू झालं, आकडे चढू लागले. सगळे सेल एकमेकांना धरून चालले होते. सात नंबरचा तेवढा भराभर वर निघाला. बाकीचे साडेतीन व्होल्टला होते तेव्हा हा तीन पॉइंट पासष्टला पोचला, आणि खट्. दार बंद.

“ह्यो बग तुजा चोर!” आप्पा मांडीवर थाप मारून ओरडले. पंधरा दिवसांनी त्यांचा तो आवाज ऐकला. सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या.

मग आम्ही वाद घातला, चांगला तासभर. त्यांचं म्हणणं, बाकीचे पंधरा मागे आहेत, त्यांना जोर लावून वर आणा. मी म्हटलं, जोर लावला की सातवा आधी मरतो, जुन्या बॅटरीतला भरलेला सेल उकळून सहन करतो तसा हा करत नाही. मी फोनवर शोधून वाचून दाखवत होते. त्यातला एक मुद्दा त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला, दोनदा. पेटीतलं सर्किट पुढे गेलेल्या सेलमधली वीज थोडी थोडी जाळून त्याला मागच्यांच्या जवळ आणत असतं. पण फार हळू. त्याला वेळ मिळाला तरच.

आप्पांनी पाठ भिंतीला टेकवली. डोळे मिटले. मला वाटलं पेंगले.

“म्हंजी,” ते सावकाश म्हणाले, “मागच्याला वढायचं न्हाई. म्होरच्याला थांबवून धरायचं.”

“हो.”

“मग येवढ्या वर न्ह्यायचंच कशाला? जरा खालीच थांबव. आन् करंट कमी कर. उन्हाची धार लई मोठी हाय, येकदम आत घुसती. बारीक सोड. दिसभर सोड. घाई कुनाला हाय?”

मी कागदावरचा आकडा सोडायला तयार नव्हते. बॅटरी बनवणाऱ्यांनी लिहिलाय तो. आप्पा म्हणाले, “त्यांनी सोळाच्या सोळा येकसारकं धरून लिव्हलाय. तुजं कुटं येकसारकं हायेत?” यावर वाद घालायला मला काहीच सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं बरं का.

मर्यादा पंचावन्न पॉइंट दोनवर आणली. चार्जिंगचा करंट अर्ध्याहून खाली. हे करायला पासवर्ड टाकावा लागला. मी तो टाकला, आणि मग सेटिंगमध्ये जाऊन तो काढूनच टाकला. आप्पांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात सुगीचे होते. मी चाकणला निघायचे तेव्हा फोन माझ्याबरोबर जायचा, म्हणून आप्पांनी मुलाला सांगून स्वतःच्या फोनवर ॲप घेतलं. मग मला दुपारी शॉप फ्लोअरवर फोन. मी हातात मायक्रोमीटर घेऊन उभी, समोर ऑडिटर, आणि कानात आप्पा, “सात नंबर तीन पॉइंट बावन्न. बाकीचं पंचेचाळीस. येतोय, येतोय लायनीवर.” दुसऱ्या दिवशी पन्नास. चौथ्या दिवशी एकोणपन्नास. आमच्या सुपरवायझरला वाटायचं घरी कुणी आजारी आहे. तो रोज विचारायचा, “मॅडम, सासऱ्यांचं काय म्हणतंय?” आणि मी म्हणायचे, “सुधारतंय.”

इन्व्हर्टरचं दुपारचं ओरडणं थांबलं. पुढच्या गुरुवारी बाहेरची लाईट गेली, मिक्सर चालला, मशीन चाललं, नवऱ्याची मीटिंग चालली. साडेअकरा झाले, बारा झाले, एक झाला. आप्पा खाकी पँट घालून स्टुलावर बसून होते. मी जेवायला बोलवलं तर म्हणाले, “तू जेव. मी हितं हाय.” त्या दिवशी मला सासूबाईंचं ते वाकण्याचं बोलणं आठवलं, आणि मी त्यांना जाऊन सांगितलं की तुमचंच खरं होतं. त्या म्हणाल्या, “म्हाईतीय,” आणि माझ्या ताटात पोळी वाढली.

आणि मग अवतरला सोलारवाला. आला म्हणजे त्याचंच काही काम अडलं असणार, हे मी ओळखलंच. ताथवड्याला त्याने अशीच पेटी बसवली होती, एका निवृत्त प्राध्यापकबाईंकडे, आणि तिथेही भर उन्हात सगळं बंद पडत होतं. तो आमच्याकडचे आकडे बघायला आला होता. बघितले, डोकं खाजवलं. “हे पंचावन्न पॉइंट दोन कुनी ठेवलं?”

मी आप्पांकडे बोट केलं.

“काका, येता का हो तिकडं माज्यासंगं?”

आप्पांनी लगेच हो म्हटलं नाही. आधी चहा मागवला. मग म्हणाले, “ही येत आसंल तर येतो. ते इंग्रजी पान हिलाच वाचता येतं.”

इंग्रजी पुस्तक भिंग लावून वाचणारा हा माणूस. मी फोन पर्समध्ये टाकला. चपला घातल्या आणि निघाले.

प्राध्यापकबाईंचं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत. नीटनेटकं, पुस्तकांनी भरलेलं, आणि उकाड्याने तापलेलं. दारातच त्यांनी मला विचारलं, “तुम्ही इंजिनियर ना? या, मॅडम, या. तुम्हीच बघणार ना?”

आणि आप्पा दोन पावलं मागे सरकले. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. आपोआप, भिंतीला लागून, मला वाट करून देत उभे राहिले. सगळ्या गल्लीच्या बॅटऱ्या आपल्या समजून न बोलावता जाणारा माणूस बोलावलेल्या घरी भिंतीला टेकून उभा होता. ती दोन पावलं त्यांना मी शिकवली होती, जिन्याखाली, सगळ्यांच्या देखत. पासवर्ड काढून टाकला म्हणून ती पुसली गेली नव्हती.

मला चटकन रडू येत नाही, आधी राग येतो, तसा तेव्हाही आला, माझाच मला.

“मी नाही,” मी बाईंना म्हटलं, जरा मोठ्यानेच. “बघणार हे. माझे सासरे. मी यांच्या हाताखाली शिकतेय.”

बाईंनी आप्पांकडे पाहिलं. सोलारवाल्याने पाहिलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना पेटीसमोर आणून उभं केलं.

त्यांनी घसा साफ केला. पेटीला कान लावला. मग हात मागे न वळवताच माझ्यापुढे पसरला, जसा कारखान्यात हेल्परपुढे पसरत असतील तसा.

“फोन दे पोरी,” ते म्हणाले. “आन् उभी नको ऱ्हाऊस, खाली बस. येळ लागंल.”

मी खाली बसले.